हिवाळा आला की हिटरमधून गार वारा: आधी उन्हाळ्यात गाडीला काय केलं ते आठवा

डिसेंबर लागला की ही तक्रार हमखास निघते. पहाटे वरुडहून संत्र्याच्या लिलावासाठी कळमन्याला निघालेली गाडी असो, नाहीतर धारणीहून घाट उतरून परतवाड्याला येणारी. नॉब लाल खुणेपर्यंत फिरवलेला, ब्लोअर तीनवर, आणि पायावर येतो तो गार वारा. काच आतून धुरकट होते आणि एका हाताने फडकं फिरवत गाडी चालवावी लागते. विदर्भात हिटर कशाला लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी २९ डिसेंबर २०१८ आठवावा. त्या दिवशी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. शिवाय धुक्यात काच साफ राहणं हा नुसत्या उबेचा प्रश्न नाही, समोरून येणारी उसाची ट्रॉली दिसण्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या गाड्यांत हिटर आपोआप बिघडण्यापेक्षा बिघडवलेला जास्त सापडतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी तापते, आणि त्या घाईत जे उपाय होतात त्यातले तीन थेट हिटरवर येतात: इंजिनाचं तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट काढून टाकणं, हिटरचे पाइप एकमेकांना जोडून टाकणं आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरणं. सहा महिन्यांनी थंडी पडते तेव्हा कोणाला आठवत नाही, आणि नवा हिटर कोर टाकायचा सल्ला मिळतो. कोर बदलायचा तर बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो. म्हणून एक रुपया खर्च करायच्या आधी खालची तपासणी करा.

हिटरला वेगळी शेगडी नसते

पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत हिटर इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो. इंजिनाभोवती फिरणारं कूलंट ८५-९० अंशांवर तापतं. त्यातला थोडा भाग दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीत, म्हणजे हिटर कोरमध्ये, जाऊन परत येतो. ब्लोअरची हवा त्या जाळीतून गेली की गरम होते. नॉब फिरवल्यावर आत एक झडप हलते आणि हवा जाळीतून न्यायची की बाजूने, ते ठरवते. मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या जुन्या गाड्यांत पाण्याच्या पाइपावरच एक वॉल असतो, नॉबची तार तो उघडते-मिटते.

म्हणजे गार हवेची कारणं तीनच ठिकाणी असू शकतात. इंजिन पुरेसं तापतच नाही, तापलेलं पाणी कोरपर्यंत पोचत नाही, किंवा कोर गरम आहे पण हवा त्यातून जात नाही. यातलं कोणतं, ते हाताने कळतं.

आधी हात लावून पाहा

गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीत पातळी पाहा. ती खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये हवी. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. आत साधारण एक बारचा दाब असतो, झाकण ढिलं होताच उकळतं पाणी तोंडावर येतं. दवाखाना तीस किलोमीटरवर असलेल्या गावात ही चूक फार महाग पडते.

पातळी ठीक असेल तर गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. अंगणात नुसती सुरू ठेवून डिझेल इंजिन तापत नाही. नवी कॉमन रेल डिझेल गाडी थंडीत आठ-दहा किलोमीटर गेल्याशिवाय नीट गरम हवा देतच नाही, तो बिघाड नव्हे. परत आल्यावर हिटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण, एसी बंद, आणि बॉनेट उघडा. पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरही. खांद्यावरचा दुपट्टा आधी काढून ठेवा आणि हात पट्ट्यापासून लांब ठेवा.

इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यात जाणारे बोटभर जाडीचे दोन पाइप शोधा. दोन्हींना एकेक करून हात लावा. ८० अंशांचा पाइप एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त धरवत नाही. ५० अंशांचा आरामात मुठीत राहतो. एवढा फरक हाताला पुरे होतो. तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन असेल तर उत्तमच.

दोन्ही पाइप चटका देणारे असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे, दोष हवेच्या बाजूला. ब्लोअर पूर्ण असताना परतीचा पाइप दहा-पंधरा अंशांनी कमी लागणं साहजिक आहे. एक चटका देतो आणि दुसरा कोमट किंवा गार असेल, तर कोर चोंदलाय, वॉल बंद आहे किंवा आत हवा अडकली आहे. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच तापत नाही, नाहीतर कूलंट कमी आहे. आणि दोन्ही पाइप पत्र्यापर्यंत जातच नसतील, मधेच वळून एकमेकांना जोडलेले असतील, तर कारण मिळालं.

वॉल काढला की गाडी तापत नाही, हा गैरसमज

दोन्ही पाइप कोमट असण्याचं आपल्या भागातलं पहिलं कारण म्हणजे थर्मोस्टॅट नसणं. गॅरेजमध्ये याला नुसतं वॉल म्हणतात. उन्हाळ्यात गाडी तापली की "भाऊ, वॉल काढून टाकतो, मंग गाडी तापत नाई," हे वाक्य आर्वीपासून आल्लापल्लीपर्यंत ऐकू येतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. गाडी रस्त्यात बंद पडू नये, एवढंच त्याला हवं असतं. पण त्यात दोन गोष्टी सुटतात.

एक, थर्मोस्टॅट इंजिन तापू देतो आणि मग तापमान धरून ठेवतो. त्याच्या आत मेणाची एक डबी असते; ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ते तापमान थर्मोस्टॅटवरच कोरलेलं असतं, बहुतेक ८२ किंवा ८८. झडप बंद असेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिनात आणि हिटरमध्ये फिरतं. झडपच नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून जातं. डिसेंबरच्या सकाळी महामार्गावर ८० च्या वेगाने वारा लागला की असं इंजिन ५०-६० अंशांच्या पुढे जात नाही. हिटर गार राहतो हे त्यातलं सगळ्यात छोटं नुकसान. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त इंधन देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमधली वाफ उडत नाही आणि ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळसर साय जमते.

दोन, अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला आणखी एक चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ही चकती बायपासचं तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळवते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. अशी गाडी हिवाळ्यात गार राहते आणि मे महिन्यात, ओझं घेऊन चढ चढताना, आधीपेक्षा जास्त तापते.

थर्मोस्टॅट आहे की नाही, आणि असला तर अडकला आहे का, हे न खोलता कळतं. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर हात ठेवा. थर्मोस्टॅट वरच्या बाजूला असलेल्या इंजिनात हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. काही नव्या इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या तोंडाशी असतो. तिथे वरचा पाइप लवकर तापतो, म्हणून हीच परीक्षा खालच्या पाइपावर करा. काट्याचं मीटर नसलेल्या गाड्यांत निळा दिवा बराच वेळ न विझणं हीसुद्धा खूण आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं ओबीडी यंत्र असेल तर पंधरा मिनिटं चालवल्यावर कूलंट ८५ च्या आसपास दिसायला हवं. ७० च्या खाली घोटाळलं तर थर्मोस्टॅटच. पी ०१२८ हा कोड याच दोषाचा.

नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी तपासा, नवे भागही कधीकधी खराब निघतात. बारीक दोऱ्याचं टोक त्याच्या झडपेत अडकवा. त्यासाठी झडप हाताने किंचित दाबून उघडावी लागते, स्प्रिंग कडक असते. आता दोऱ्याने तो पाण्याच्या पातेल्यात असा लोंबकळत ठेवा की बुडाला टेकणार नाही. पातेलं गॅसवर ठेवा, बाजूला थर्मामीटर सोडा. पाणी ८० च्या पुढे गेलं की झडप किंचित उचलते, दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टक्कन पातेल्यात पडतो. पडला त्या क्षणी थर्मामीटर काय दाखवतो ते पाहा. कोरलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतं. थर्मामीटर नसेल तरी पाणी खळखळ उकळायच्या आत तो पडलाच पाहिजे. मग बाहेर काढून ठेवा. गार झाल्यावर झडप फटीशिवाय मिटली पाहिजे.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. त्याच्या कडेला हवा जाण्यासाठी एक छोटं भोक किंवा लटकणारी पिन असते; ती वरच्या बाजूला येऊ द्या, नाहीतर मागे हवा कोंडते. रबरी रिंग किंवा गॅस्केट नवंच वापरा. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडे पाडू नका. १० नंबरच्या पान्याचे बोल्ट असतात, मनगटाच्या जोराने घट्ट करायचे. दंडाचा जोर लावला की ॲल्युमिनियमची आटी सुटते.

जोडून टाकलेले पाइप

दोन्ही पाइप एका यू आकाराच्या नळीने किंवा पितळी तुकड्याने जोडलेले दिसले, तर ते दोनपैकी एका कारणाने केलेलं असतं. एसी जास्त गार व्हावा म्हणून, किंवा कोर गळत होता म्हणून. पहिलं असेल तर परत जोडलं की काम झालं. दुसरं असेल तर जोडायच्या आधी कोर तपासा: त्याच्या एका तोंडाला बूच मारून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हलका दाब द्या, अर्ध्या बारपेक्षा जास्त नको, आणि आवाज ऐका. कोर गळत असल्याची जुनी लक्षणंही विचारा. गाडीत गोडसर वास, काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर, आणि डाव्या सीटच्या पायाशी ओला गालिचा. गालिचा ओला आहे पण पाणी साधं, बिनवासाचं असेल तर कोर निर्दोष आहे. तो एसीच्या पाण्याचा नळ चोंदलेला असतो.

जोडणीसाठी हिटर होज म्हणूनच विकला जाणारा जाळी असलेला रबरी पाइप घ्या, आतला व्यास साधारण १६ मिमी. गाडीप्रमाणे मोजून घ्या. शेतातली ठिबकची नळीही १६ ची असते म्हणून ती लावलेली सापडते. तो १६ चा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, त्यामुळे ती नीट बसत नाही, आणि ९० अंशांना मऊ पडून निसटते. बागेच्या पाइपाचंही तेच. असा पाइप निसटला तर मिनिटभरात सगळं कूलंट रस्त्यावर जातं आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तापून वाकतं.

जुन्या गाडीत हिटरच्या पाइपावर वॉल असेल तर नॉब फिरवताना त्याची दांडी हलते का ते दुसऱ्याला पाहायला सांगा. वर्षानुवर्षं बंद राहिलेला वॉल गंजून जागेवर बसतो. जोर लावला तर तो तुटतो. जोडावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा.

गॅस किट लावलेल्या गाड्यांत एक जागा जास्त पाहायची. सीएनजी-एलपीजीच्या रिड्यूसरला, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला, गरम पाणी लागतं आणि ते बहुतेक हिटरच्याच पाइपांतून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून घेतलेलं असतं. टी चुकीच्या बाजूला पडली की पाणी सोपी वाट धरतं आणि कोर उपाशी राहतो. रिड्यूसरच्या अंगावर दव किंवा बर्फ दिसत असेल आणि हिटरही गार असेल, तर दोघांनाही पाणी मिळत नाहीये. मग पातळी आणि हवा आधी पाहा.

बोअरच्या पाण्याने कोर भरून येतो

एक पाइप चटका, दुसरा गार, वॉल उघडा, आणि टाकीतलं पाणी विटकरी रंगाचं. ही कोर चोंदल्याची खूण. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. ज्या पाण्याने पीक धरत नाही ते इंजिनात भरलं तर तिथेही तेच करतं. खारं पाणी ॲल्युमिनियम आणि लोखंड खातं, जड पाणी तापलं की क्षार सोडतं. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच कोरच्या नळ्यांत बसतो. आणि कोरच्या नळ्या रेडिएटरपेक्षाही बारीक, पाण्याचा वेगही कमी, म्हणून गाळ आधी तिथे थांबतो. पट्ट्याबाहेरही काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जडच असतं, त्यामुळे यवतमाळ-वाशीमवाल्यांनी निश्चिंत राहू नये.

कोर धुण्यासाठी गाडी पूर्ण थंड होऊ द्या, खाली टब ठेवा आणि पत्र्याजवळचे दोन्ही पाइप काढा. पाइप चिकटला असेल तर पिळू नका. कोरची तोंडं पातळ असतात, कधी प्लास्टिकची, आणि ती तुटली की मग खरंच डॅशबोर्ड खोलावा लागतो. ब्लेडने पाइपाला लांबीत चीर द्या आणि सोलून काढा, पाइप नवा मिळतो.

दोन्ही तोंडांना हात-हातभर पारदर्शक नळी लावा. ज्या तोंडातून पाणी एरवी बाहेर येतं त्यातून आत सोडा, म्हणजे गाळ आला त्या वाटेने परत जाईल. पाणी उंच धरलेल्या बादलीतून किंवा फनेलमधून सोडा. मीटरभर उंची पुष्कळ झाली. बोअरच्या मोटरचा पाइप थेट लावू नका, त्या दाबाने जुना कोर फुटतो. दुसऱ्या नळीखाली पांढरी बादली ठेवा. सुरुवातीला विटेच्या चुऱ्यासारखं लाल पाणी येतं, मग करवंदाच्या बीएवढे पांढरट पापुद्रे. पाणी थेंबथेंबच येत असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लागेल. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. कोर त्याने भरा, दोन्ही नळ्या वर बांधून ठेवा, अर्धा तास थांबा. नळीत बारीक बुडबुडे वर येताना दिसतात, तो क्षार विरघळतोय. ओतून टाका, पुन्हा भरा. दोन-तीन वेळा केल्यावर बुडबुडे थांबतात. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून एकदा धुवा आणि शेवटी बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने, खळाळून काढा. संडास साफ करायचं ॲसिड यात कधीही नको. ते क्षाराबरोबर कोरही खातं, आणि हे तासाभरात होतं.

इतकी वर्षं गंजलेल्या कोरमध्ये गाळच गळती रोखून धरत असतो. धुतल्यावर तो गळू लागला तर धुण्याची चूक नाही, कोर आधीच गेलेला होता. पंधरा वर्षांच्या गाडीच्या मालकाला हे काम सुरू करायच्या आधी सांगून ठेवावं.

कोर धुतला आणि बाकी इंजिनात तेच लाल पाणी ठेवलं तर पुढच्या हिवाळ्यात परत इथेच यावं लागेल. रेडिएटर आणि इंजिनातलं पाणीही काढा, डिस्टिल्ड पाणी भरून, हिटर सुरू ठेवून गाडी तापवा, थंड झाल्यावर काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा. मग कूलंट. घट्ट कूलंट मिळालं तर एक भाग कूलंट, एक भाग डिस्टिल्ड पाणी; काही कंपन्या गरम भागात ३० टक्के कूलंटही चालतं म्हणतात, पण त्याखाली जाऊ नका. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. लहान पेट्रोल गाडीत एकूण चार-पाच लिटर बसतं, मोठ्या डिझेलमध्ये सात-आठ. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हिरवं, लाल, निळं या रंगांवर जाऊ नका, मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार पाहा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हे बरोबर नाही. त्यातलं गंज रोखणारं रसायन आपल्याला हवंय, आणि निम्मं कूलंट असलं की पाणी १०० ऐवजी १०७ अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून वर. मे महिन्यात हेच कामाला येतं.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं, शेळी, वासरू सहज चाटतं आणि मरतं. टबावर झाकण ठेवा आणि मुलांपासून लांब ठेवा.

भरल्यावर हवा काढणं

कूलंट बदलल्यावर हिटर गारच, आणि डॅशबोर्डमागे कालव्यासारखी खळखळ ऐकू येते, तेव्हा हवा अडकलेली असते. कोर बहुतेक इंजिनाच्या वरच्या बाजूला असल्यामुळे हवा तिथेच जाऊन बसते. गाडीचं तोंड चढावर करा. शेताच्या बांधाची किंवा पुलाच्या चढाची जागा चालते. इंजिन थंड, झाकण उघडं, हिटर पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करा आणि बुडबुड्यांशिवाय धार आली की बंद करा. इंजिन सुरू करून, थंड असतानाच, वरचा रेडिएटर पाइप मुठीत दाबत-सोडत राहा. बुडबुडे येतील तशी पातळी उतरेल, भरत राहा. पाइप तापायला लागला की झाकण लावा. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहा, पाव-अर्धा लिटर उतरलेली असू शकते.

ही पातळी दर आठवड्याला उतरत असेल, खळखळ चार दिवसांनी परत येत असेल, तर नुसती भर घालत राहू नका. झाकणाचं रबर, पाइपांच्या क्लिपा, पाण्याच्या पंपाखालचा ओघळ पाहा. बाहेर कुठेच ओल नसेल, टाकीत इंजिन सुरू असताना सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा गोड वासाचा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट गेलंय. अशी गाडी चालवून शहरात नेऊ नका, टो करून न्या.

चालताना गरम आणि थांबल्यावर गार होणारा हिटर बहुतेक दोनपैकी एक गोष्ट सांगतो: कूलंट कमी आहे, किंवा पंपाची पाती खाऱ्या पाण्याने झिजली आहेत.

दोन्ही पाइप चटका देतात तरी हवा गार

हे काम बहुतेक घरी होतं. डाव्या बाजूचा ग्लोव्ह बॉक्स काढा, मोबाइलचा दिवा लावा आणि दुसऱ्याला नॉब फिरवायला सांगा. तार हलते पण झडपेची दांडी हलत नसेल तर क्लिप निसटलीय. परत बसवा, तुटली असेल तर पातळ वायर टायने आवळा. मोटरवर चालणाऱ्या झडपेत टिकटिक आवाज येत राहिला तर आतली दातेरी चाकं गेली, मोटर बदलावी लागते.

वारा गार नसून मुळात कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढा. जिनिंगच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर एका हंगामात कापसाच्या तंतूंनी गादीसारखा होतो. सोयाबीन-कापूस घरात आला की उंदीरही येतात, आणि तुरीच्या गंजीशेजारी उभी असलेली गाडी त्यांना सोयीची वाटते. ब्लोअरच्या जाळीत सरकी, शेंगांची टरफलं आणि चिंध्या सापडल्या तर सगळं काढताना मास्क लावा, आणि हिटरच्या पाइपांवर दातांच्या खुणा आहेत का तेही पाहून घ्या.

काच धुरकट होऊ नये म्हणून हिटर दुरुस्त झाल्यावरही एक सवय बदलावी लागते. हवा बाहेरची घ्यायची, आतलीच फिरवायची नाही, आणि गरम हवेसोबत एसीही सुरू ठेवायचा. एसी हवेतली ओल काढतो, हिटर ती कोरडी हवा गरम करतो, काच दोन-तीन मिनिटांत स्वच्छ होते.

थर्मोस्टॅट परत बसवला की उन्हाळ्यात गाडी पुन्हा तापेल ही भीती राहते, आणि ती खोटी नाही, कारण मुळात गाडी का तापली, हे कोणी पाहिलेलंच नसतं. होळीच्या आत तेवढं पाहून घ्या. एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापूस, किडे आणि चिखल थापलेला असतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवा, जोराच्या प्रेशरने पात्या वाकतात. पंखा दोन्ही वेगांनी फिरतो का ते एसी लावून पाहा. तो कोणी थेट बॅटरीला जोडून दिला असेल तर रिले आणि सेन्सर दुरुस्त करून घ्या. झाकण नवं टाका, त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याएवढाच असू द्या. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवून त्यावर मार्करने तारीख, कूलंटचा प्रकार आणि "थर्मोस्टॅट बसवला आहे, काढू नये" एवढं लिहून ठेवा, म्हणजे मे महिन्यात गाडी ज्या मिस्तरीच्या हातात जाईल त्याला ते दिसेल.